रोकाबेला, 2,730 मीटर: एका स्की-टूरच्या आखणीच्या नोंदी

21 सप्टेंबर, विंटरथुर (स्वित्झर्लंड)

काकांनी मार्चमध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही, म्हणून ही वही.

झालं असं, की गेल्या मोसमाच्या शेवटी आम्ही पाच जण स्की-टूरला गेलो. स्की-टूर म्हणजे लिफ्ट नाही, रोलर फिरवलेली वाट नाही. स्कीच्या तळाला स्किनच्या पट्ट्या चिकटवून डोंगर चढायचा, माथ्यावर त्या सोलून पिशवीत कोंबायच्या आणि कोऱ्या बर्फावरून खाली यायचं. वाट म्हणून आमच्याकडे कुणीतरी नेटवर टाकलेली जीपीएक्स फाइल होती. फोनवर निळी रेघ, रेघेवर आपला ठिपका, बस्स. संध्याकाळी फोटो दाखवायला खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. (काका म्हणजे आमचे स्विस शेजारी. जमीनमोजणीतून निवृत्त, वय 71, अजून दर हिवाळ्यात डोंगरात. 'काका' ही पदवी आमच्या घरातली. त्यांच्यासमोर 'हेर', म्हणजे जर्मनमधलं 'श्री', आणि आडनाव.) एका फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले, "छान. इथे तुम्ही चहा पीत बसला होतात, तेव्हा तुमच्या वर काय होतं?"

पाचांतल्या एकालाही सांगता येईना. फोटो खालच्या दरीचा होता. वर कुणी बघितलंच नव्हतं.

यंदा एक तरी टूर दुसऱ्याची रेघ न घेता आखायची. बिव्हिओ गावावरची रोकाबेला ठरली. ग्राउब्युन्डन कॅन्टनमध्ये (कॅन्टन म्हणजे इथलं राज्य), ज्युलियर घाटाच्या वाटेवर. गाव 1,769 मीटरवर, माथा 2,730, म्हणजे 961 मीटर चढ. नवशिक्यांची म्हणून नावाजलेली. घाट हिवाळ्यातही उघडा असतो आणि बस थेट गावात जाते. गाडी आमच्याकडे नाही, त्यामुळे हा मुद्दा हिमापेक्षा आधी येतो.

28 सप्टेंबर

नकाशा: स्विसटोपोचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा-खात्याचा, ब्राउझरवर उघडणारा. फुकट. 2021 च्या मार्चपासून त्यांची बहुतेक माहिती सगळ्यांना मोकळी आहे. तो आणि त्याचंच फोनवरचं ॲप, एवढंच वापरायचं ठरवलं. गेल्या वर्षी ज्या चकचकीत त्रिमिती नकाशावर आम्ही रेघा मारत होतो ती सेवा मध्येच बंद पडली आणि रेघाही गेल्या. आता प्रत्येक रेघ जीपीएक्स करून स्वतःच्या फोल्डरमध्ये.

चालू केलेले थर: स्की-टूरच्या वाटा, 30 अंशांच्या वरचे उतार, वन्यप्राण्यांची शांतताक्षेत्रं, बसथांबे. उताराचे रंग असे: 30 ते 35 पिवळा, 35 ते 40 केशरी, 40 ते 45 लाल, त्यापुढे जांभळा. तीसच्या आत रंग नाही, कोरं. हिमाचा अख्खा पापुद्रा सुटून येणारी स्खलनं बहुतेक 30 ते 45 या पट्ट्यातच सुटतात, म्हणून रंग तिसापासून.

रंग लावण्याआधी एक संध्याकाळ मुद्दाम रंगाशिवाय काढली. 1:25,000 चा कागदी नकाशा, आणि पट्टी. दर 100 मीटरची कॉन्टूर (समान उंचीची रेघ) जाड असते. दोन जाड रेघांत 7 मिलिमीटर अंतर असेल तर उतार 30 अंश, पावणेसहा असेल तर 35, आणि पाचाच्या आत आलं की चाळिशी गाठली. शाळेत असताना दादाच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटची झेरॉक्स फिरायची. 1:50,000 ची, कॉन्टूर 20 मीटरची. इथेही आल्प्समध्ये कॉन्टूर 20 मीटरचीच. फरक रंगाचा आहे. माती-गवतावर रेघ तपकिरी, खडक-दगडगोट्यांवर काळी, हिमनदीवर निळी. उताराखाली काय पडलंय ते रेघच सांगते.

5 ऑक्टोबर

वाट तुकड्यांत पाडली. स्विस पुस्तकी शब्द टाळून आपल्या शब्दांत नावं दिली. नवऱ्याला आणि मला तेच पटकन दिसतं.

1. गावावरचं कुरण. कोरं.
2. टेपाडांची रांग. कोरं, मध्ये पिवळे शिंतोडे.
3. पायरी. डोंगरात एक सपाट टप्पा, अर्धा किलोमीटर लांब. पूर्ण कोरा.
4. घळ. पायरीवरून खांद्यावर चढायला. पिवळी.
5. खांदा ते माथा. रुंद धार.

नवरा बघून म्हणाला, "अगं, हे तर पर्वतीच्या पायऱ्या आहेत. घळ सोडली तर सगळं कोरं."

मलाही तसंच वाटलं. तिसऱ्या तुकड्यावर मी चहाचा कप सुद्धा काढून ठेवला होता.

मग रेघ काकांना दाखवली. त्यांनी काही न बोलता नकाशा लहान केला. एवढंच. दोन वेळा वजाचं बटण दाबलं. आमच्या कोऱ्या पायरीच्या डोक्यावर, पडद्याच्या बाहेर राहिलेला, केशरी-लाल पट्टा खाली सरकून आत आला.

आम्ही रेघेला इतकं चिकटून बघत होतो की डोंगर पडद्यात मावतच नव्हता.

6 ऑक्टोबर

कालची शरम मोजून काढली. लाल पट्ट्याच्या वरच्या कडेपासून आमच्या चहाच्या कपापर्यंत रेघ ओढली, तर नकाशानं खालच्या बाजूला छेद काढून दिला: उंचीतला फरक 260 मीटर, आडवं अंतर 480. म्हणजे कपाजवळ उभं राहून पट्ट्याच्या डोक्याकडे बघितलं तर नजर 28 अंश वर जाते. काकांचा हिशेब: हा कोन 20 च्या खाली आला तर सहसा तिथवर काही पोचत नाही, 25-30 असेल तर तुम्ही त्याच्या अंगणात बसलेले आहात. सपाट जागा सुरक्षित हा आमचा समज उलटाच निघाला. वरून आलेला माल साठतो तो सपाटीवरच. पुरला गेलेला माणूस सपाटीवर जास्त खोल असतो.

नवी रेघ: पायरी सोडून तिच्या पश्चिमेच्या सोंडेवरून. सोंडेवर वरून काही येत नाही, ते डावी-उजवीकडे वाटलं जातं. चढ थोडा वाकडातिकडा, वीसेक मिनिटं जास्त. वाटेच्या तुकड्यांच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला: 'वर काय'.

19 ऑक्टोबर, बिव्हिओ

बर्फ पडायच्या आत वाट पायी बघून आलो. गवत पिवळं पडलेलं, गायी खाली गेलेल्या, गाव निम्मं बंद. या गावाचं नाव लॅटिन 'बिव्हियुम'वरून, म्हणजे दुवाट: इथून एक वाट ज्युलियरला, दुसरी सेप्टिमर खिंडीला फुटते. रोमन काळापासून लोक इथे उभं राहून कुठली वाट घ्यायची याचाच विचार करत आलेत. आल्प्सच्या मुख्य धारेच्या उत्तरेला असून मूळचं इटालियन बोलणारं स्वित्झर्लंडमधलं हे एकच गाव. चहावाल्या बाई आमच्याशी जर्मन, स्वतःच्या नवऱ्याशी इटालियन आणि कुत्र्याशी तिसरंच काहीतरी बोलत होत्या.

मुख्य काम घळीत होतं. फोनमधला कोनमापक चालू करून स्की-पोलवर फोन ठेवला आणि पोल उताराच्या दिशेने जमिनीवर टाकला. खाली 31. मध्ये 33. नकाशा बरोबर. मग उजवीकडे, गवताच्या एका फुगवट्याखाली, 38. पुन्हा मोजलं, 38. फुगवटा जेमतेम सात-आठ मीटर उंचीचा. नकाशावर पिवळाच.

दोष नकाशाचा नाही. उताराचा थर सुमारे 10 मीटरच्या चौकटींवर काढलेला असतो. चौकटीच्या आत अर्धं टेकाड आणि अर्धी सपाटी असेल तर येते ती सरासरी. वीस मीटरच्या कॉन्टूरमध्ये तर अख्खं दोन मजली घर लपून बसेल. आणि पापुद्रा तुटायला फुगवटा ही लाडकी जागा, कारण तिथे तो ताणलेला असतो.

फोटो काढले, ठिकाण नोंदवलं. आता घळ 'पिवळी' नाही, 'पिवळी, उजवीकडे 38'.

9 नोव्हेंबर

वेळेचा हिशेब. व्हेर्नर मुंटर या स्विस मार्गदर्शकाची पद्धत, इथे सगळे तीच वापरतात. आडवे किलोमीटर अधिक चढाचे शेकडे. आमचे 4.9 किलोमीटर आणि 9.6 शेकडे, मिळून 14.5. चढताना भागिले 4, म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं. उतरताना भागिले 10, दीड तास. पाच जण आणि एकाची स्किन कायम निसटणारी, म्हणून मी चाराऐवजी साडेतीनने भागलं: चार तास दहा मिनिटं. सकाळी साडेसातला निघालो तर पावणेबाराला माथा. ठरलं: बारा वाजता असू तिथून परत.

संध्याकाळी स्कीटूरेनगुरूवर तीच टूर उघडली. नावातच गुरू. हे संकेतस्थळ रोजचं हिमस्खलन-पत्रक आणि जमिनीची उंची-वळणं एकत्र करून हजारो वाटांना हिरवा, केशरी, लाल असे गुण देतं आणि वाटेवरच्या नाजूक जागा वर्तुळांनी दाखवतं. आमची घळ त्यानंही पकडली. फुगवटा अर्थातच नाही. गुरूही त्याच चौकटी वाचतो. नवऱ्याचं म्हणणं, मग आपण एवढं कशाला घासतोय, सकाळी हिरवा असेल तर जायचं. माझं म्हणणं, उत्तर आधी बघितलं की गणित कुणी सोडवत नाही. तह असा झाला: आधी आमची पाटी, म्हणजे आमचा तक्ता, भरायची, मग गुरू उघडायचा.

23 नोव्हेंबर

सरावासाठी श्विझ कॅन्टनमधली एक छोटी टूर आखली. जंगलातून एक चलाख आडवाट काढली होती, थेट शांतताक्षेत्रातून. तो थर मी चालू केला होता, पण उताराचे रंग वर असल्याने खाली दबला होता. थरांचा क्रम बदलला. हिवाळ्यात रानकोंबडीच्या जातीचे पक्षी बर्फात भोक करून बसतात, कमीत कमी हलून दिवस ढकलतात. माणूस आला की उडावं लागतं आणि साठवलेली शक्ती जाते. बंधनकारक क्षेत्रात शिरलं तर दंडही आहे. आडवाट रद्द.

14 डिसेंबर

तीन तास बीकनचा सराव, गावाबाहेरच्या शेतात. (बीकन म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं रेडिओ-यंत्र, बर्फाखाली पुरल्या गेलेल्याला शोधायला.) पिशवीत घालून पुरलेला बीकन पहिल्या फेरीत नऊ मिनिटांनी सापडला, शेवटच्या फेरीत चार. पुरल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने उतरते, त्यात खणायलाही वेळ जातो. नऊ मिनिटं म्हणजे लाज.

फोनबद्दल: बीकन पाठवत असताना फोन किमान 20 सेंटिमीटर लांब, शोधताना 50. म्हणजे नकाशाचा फोन आणि बीकन एकाच खिशात चालणार नाहीत. फोन मांडीच्या खिशात ठेवला तर थंडीत तासाभरात 80 टक्क्यांवरून 35. म्हणून छापील नकाशा हवाच. ए-3 वर 1:25,000, दोन प्रती, एक उताराच्या रंगांची, एक साधी. रंगीत प्रतीवर रात्री विजेरीच्या उजेडात कॉन्टूर वाचता येत नाही, हे घरात दिवे घालवून बघितलं.

10 जानेवारी

उद्या जायचं होतं. हॉटेल घेतलेलं.

डावोसच्या एसएलएफ संस्थेचं हिमस्खलन-पत्रक संध्याकाळी पाचला येतं. आजचं: पातळी 3. पाचांतली तिसरी, नावाला मधली. पण बरेचसे जीवघेणे अपघात याच पातळीवर होतात, कारण चारला लोक घरी बसतात. धोक्याची दिशा वायव्य ते ईशान्य, 2,200 मीटरच्या वर. कारण: जुन्या बर्फातला भुसभुशीत थर. मोसमाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ थंडीत साखरेसारखा सुटा झाला, त्यावर आता नव्याचं ओझं. वाऱ्यानं साठवलेला बर्फ ओळखता येतो, हा थर वरून दिसत नाही.

मुंटरचा साधा नियम: पातळी 2 असेल तर 40 अंशांच्या आत राहा, 3 ला 35, 4 ला 30. पातळी वाढली की नुसतं पायाखालचं बघून भागत नाही, अख्खा उतार धरायचा. आमची घळ 2,400 वर, तोंड वायव्येला, उजवीकडे 38. तीनही रकान्यांत फुली.

वादावादी झालीच. गटातला एकजण म्हणाला, नकाशावर पिवळंच आहे ना, पस्तिसाच्या आत. ऑक्टोबरातला फोटो पाठवला, पोलवर आडवा फोन, 38. तो गप्प झाला. हॉटेलचे अर्धे पैसे गेले.

शनिवारी सगळे विंटरथुरच्या तलावावर पोहायला. बंद, अर्थातच. भजी केली.

31 जानेवारी

पातळी 2, तीही उणे चिन्हासह, म्हणजे दोनच्या खालच्या टोकाला. (ही उपपातळी 2022-23 च्या हिवाळ्यात आली, आधी नुसता आकडा असे.) पाटी भरली. घळीत डाव्या कडेने, एकेकाने, पन्नास मीटर अंतर ठेवून. पर्यायी शेवट: खांद्याखालचं बेचकं, माथ्याच्या साधारण 150 मीटर खाली. गुरू उघडला: हिरवा. पावणेनऊला सगळे झोपले, मी सोडून.

1 फेब्रुवारी, बिव्हिओ

7:40 ला निघालो. उणे 14. कुरणावर आधीची रुळलेली वाट, सरळ आमच्या जुन्या पायरीकडे जाणारी. दहा-बारा लोक तिच्यावरून गेलेले. पायाखाली तयार वाट असताना ती सोडून कोऱ्या बर्फात शिरायचं, तेही वीस मिनिटं जास्तीची, हे घरच्या टेबलावर जितकं सोपं वाटलं तितकं तिथे वाटेना. नवऱ्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी छापील नकाशा काढून 'वर काय' वर अंगठा ठेवला आणि पाच जण सोंडेकडे वळलो.

सोंडेवरून पायरी पूर्ण दिसते. सपाट, उन्हात, मोहक. दोघंतिघं बसून खात होते. त्यांच्या वरचा उतार नकाशात लाल होता. इथे तो पांढरा होता, सगळ्या डोंगरासारखा.

10:35, घळीच्या पायथ्याशी. पंधरा मिनिटं उशीर. मी पुढे. डाव्या कडेला पन्नासेक पावलं टाकली तर बर्फाचा आवाज बदलला: वरचा थर पुठ्ठ्यासारखा, पोल मारला की ढबढब. स्कीच्या पुढे बोटभर रुंदीची चीर धावत गेली, हातभर लांब. वाऱ्यानं रात्रीत आणून टाकलेला माल. पत्रक अख्ख्या प्रदेशाचं असतं. त्याला ही घळ माहीत नाही.

मागे फिरून हात वर केला. कुणी काही विचारलं नाही. पर्यायी रेघेवरून बेचक्यात गेलो, तिथे उतार 25 च्या पुढे जात नाही. 11:25 ला बेचक्यात. माथा समोर, 150 मीटर वर, त्यावर तीन माणसं. दुसऱ्या बाजूने आलेली असावीत. थोडं खुपलं. चहा घेतला, पण आधी पाचही जणांनी मान वर करून बघितलं, इतकं एकदम की हसू आलं. वर: आकाश, आणि एक कावळ्याच्या जातीचा पिवळ्या चोचीचा पक्षी, ज्याचा डोळा आमच्या पोळीच्या गुंडाळीवर होता.

उतरण एक तास पाच. वरचा बर्फ भुरभुरीत, कुरणावर गोठलेला, दात वाजवणारा.

3 फेब्रुवारी

प्रत्यक्ष रेकॉर्ड झालेली रेघ आखलेल्या रेघेवर टाकली. सोंडेवर आम्ही रेघेच्या 30 मीटर उजवीकडे होतो. तिथे फोन आतल्या खिशात होता, मी नुसतं जमिनीकडे बघून चालत होते, आणि जमीन जास्त बरोबर होती. रेघ सरकवली. चढाचा वेग पाचांसाठी 3.5 नव्हे, 3.3 धरायचा. घळीत चिरेच्या जागी खूण: तारीख, वारा, 'पुठ्ठा'. बेचक्यावर खूण: 'चहा, वर काही नाही'.

काकांना छापील नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ तक्ता बघितला, आणि रकाना कुणाचा म्हणून विचारलं. आमचा, म्हटलं. त्यांनी पेन्सिल मागितली आणि शेजारी आणखी एक रकाना आखला: 'मागून कोण येतंय'. त्या लोकांचं सांगितलं होतं मी, पायरीवर बसलेल्यांचं. आपण घळीत पापुद्रा सोडला असता तर तो आपल्याखाली कुणाच्या अंगणात गेला असता, ते म्हणाले, ते बघितलंत का?

नकाशा उघडला. घळीच्या तोंडापासून खाली रेघ ओढली. छेद आला. पायरीचं पूर्वेकडचं टोक.

मार्चच्या टूरसाठी नवं फोल्डर केलंय. स्किन अजून न्हाणीघरात वाळतायत.